राजा काझिमिरची योग्यता

मोरेश्वर देशकर सरांनी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि या पस्तीस वर्षांत एकाही राजाने त्यांना त्रास दिला नाही. राजा यायचा, त्याची कामगिरी फळ्यावर लिहिली जायची, मग त्याचे दोष, आणि शेवटी 'योग्यता'. पाच मुद्दे, दहा गुण. तास संपायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा राजा. अशोक असो नाहीतर अल्लाउद्दीन, सरांच्या हातून कोणी सुटला नाही. सुटला तो एकच, तोही सरांच्या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत, शॉमबर्गला, पोटच्या मुलीच्या लग्नाचा निकाल लावायची वेळ आली तेव्हा. हा राजा पोलंडचा होता, साडेसहाशे वर्षांपूर्वी वारला होता, आणि सरांच्या समजुतीप्रमाणे तो त्यांचा व्याही लागत होता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर सरांना वेड लागलं होतं असं कोणी म्हणेल. तसं काही नव्हतं. सर शहाणेच होते, आणि शहाण्या माणसाचा घोटाळा झाला की तो साध्या माणसाच्या घोटाळ्यापेक्षा मोठा होतो, एवढंच.

देवयानी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करता करता कंपनीने तिला शिकागोजवळच्या शॉमबर्गला पाठवलं, त्याला सहा वर्षं झाली. तिथे ऑफिसातल्या मारेक नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मारेक शिकागोचाच, पण आजोबा पोलंडहून आलेले. अकोल्यात बसून सरांनी ही बातमी व्हिडिओ कॉलवर ऐकली तेव्हा ते डगमगले नाहीत.

"मी जात बघणार नाही, धर्म बघणार नाही, देशसुद्धा बघणार नाही," त्यांनी जाहीर केलं, "पण घराणं बघणार."

जात न बघता घराणं कसं बघतात, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या बायकोने, शोभनाकाकूंनी, शेजारून फक्त एवढंच विचारलं, की मुलगा जेवतो काय.

"बाबा, मारेकचं घराणं म्हणजे त्याचे आजोबा," देवयानी म्हणाली. "आई तो लहान असताना गेली, वडील दुसरं लग्न करून ॲरिझोनाला. इट्स जस्ट द टू ऑफ देम. तुम्ही दिवाळीला इकडे या, भेटा, बोला. आणि एक क्लिअर सांगते. एप्रिलमध्ये लग्न आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी कॅन्सल करणार नाही. पण तुम्ही तिथे नसाल, आणि ते मला जन्मभर खुपेल. सो प्लीज, नीट बघा आणि परत जायच्या आधी हो की नाही ते तोंडाने सांगा."

सरांना मुलीचा हा रोखठोकपणा आवडलाही आणि लागलाही. परतीचं तिकीट वीस नोव्हेंबरचं होतं. तेवढ्या दिवसांत एका घराण्याची परीक्षा घेणं त्यांना अवघड वाटलं नाही.

पाच नोव्हेंबरला आजोबांकडे जेवण ठरलं. आजोबांचं नाव स्तानिस्लाव, वय चौऱ्याऐंशी, शिकागोच्या वायव्य भागातलं विटांचं छोटं टुमदार घर. माणूस दणकट, पंजे फावड्याएवढे. त्यांनी सरांचा हात असा दाबला, की सरांना नंतर चमचा धरता येईना. इंग्रजी दोघांचंही आपापल्या परीने पक्कं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. मारेक मधे बसून दोन्हीकडचं सांभाळत होता. देवयानीने त्याला 'काका' आणि 'काकू' शिकवलं होतं आणि तो प्रत्येक वाक्याच्या मागेपुढे ते लावत होता.

जेवणात बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या होत्या. शोभनाकाकूंनी त्या मन लावून खाल्ल्या आणि कडा मुडपायची पद्धत विचारून घेतली. पण सरांचं लक्ष जेवणावर नव्हतं. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एका दाढीवाल्या राजपुरुषाची तसबीर होती. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड. चौकटीला ताज्या शेवंतीचं कडं अडकवलेलं, आणि खाली लाल काचेच्या भांड्यात दिवा तेवत होता.

शेवंतीचा हार, खाली दिवा, भिंतीवर तसबीर. याचा अर्थ काय होतो हे अकोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"आमचा राजा! काझिमिर!" आजोबांनी छातीवर हात ठेवला. "आज गेला. पाच नोव्हेंबर. घोड्यावरून पडला, पाय मोडला, ताप आला."

"पुण्यतिथी," सर हळूच शोभनाकाकूंना म्हणाले. मग मारेककडे वळून, "किती पिढ्यांपासून पाळता हे?"

"काका, आजोबा कधीच विसरत नाहीत," मारेक म्हणाला. "माझ्या लहानपणापासून बघतोय. ही टॉक्स अबाउट हिम लाइक फॅमिली."

देवयानी तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती इथे असती तर ही गोष्ट पुढे घडलीच नसती. सर उठले, बूट काढले, टेबलावरच्या फुलदाणीतलं एक फूल उचलून त्यांनी तसबिरीखाली वाहिलं आणि हात जोडले. शोभनाकाकूंनीही जोडले. आजोबांचे डोळे भरून आले. शिकागोत साठ वर्षं होत आली, पण त्यांच्या राजाला असा मान कोणी दिला नव्हता. त्यांनी सरांना मिठी मारली. सरांच्या बरगड्या कुरकुरल्या, पण मन तृप्त झालं.

परतताना गाडीत मागच्या सीटवर सर काकूंच्या कानाशी लागले. "राजघराणं आहे गं! आणि माणसाने एका शब्दाने फुशारकी मारली नाही."

"मुलगा जेवण झाल्यावर सगळी भांडी घासत होता," काकू म्हणाल्या. "मी तेवढं पाहिलं."

दुसऱ्या दिवसापासून देवयानी ऑफिसला गेली की सर गावातल्या लायब्ररीत जाऊन बसू लागले. पोलंडबद्दल त्यांना माहीत होतं ते तीन ओळींत बसणारं: शेजाऱ्यांनी देशाचे तीनदा लचके तोडले, दुसरं महायुद्ध तिथून पेटलं, आणि त्या युद्धातले काही पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले होते. मध्ययुगाचा पत्ताच नव्हता. काझिमिर गादीवर होता तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्य नुकतं उभं राहत होतं, असं वहीत मांडल्यावर त्यांना जरा घरच्यासारखं वाटलं.

पहिले तीन दिवस सर हवेत होते. राजा लाभावा तर असा! तेविसाव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा राज्य फाटकं, शेजारी टपलेले. याने लढाया टाळल्या, तह केले, कायदा लिहून काढला, क्राकोव्हला विद्यापीठ काढलं. पन्नासएक किल्ले बांधले. ज्यूंना सगळीकडून हाकलत होते तेव्हा त्यांना संरक्षण दिलं. सरदार त्याला 'शेतकऱ्यांचा राजा' म्हणून हिणवायचे आणि तो ते भूषण म्हणून मिरवायचा, असंही एका ठिकाणी होतं. पोलंडमध्ये अजून म्हणतात, की त्याने देश लाकडाचा घेतला आणि दगडाविटांचा करून ठेवला.

हे वाक्य वाचून सरांनी चष्मा पुसला. त्यांनी स्वतः ऐन उमेदीची अकरा वर्षं मेळघाटात काढली होती. कुडाच्या भिंतींची, गळक्या छपराची शाळा ताब्यात घेतली होती आणि सोडताना सिमेंटच्या नऊ खोल्या करून दिल्या होत्या. काझिमिर त्यांना एकदम जवळचा वाटला. वहीत त्यांनी लिहिलं: 'योग्यता: दहापैकी नऊ.' दहावा गुण त्यांनी कधीच कोणाला दिला नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या हाती दुसरं पुस्तक आलं आणि सगळं बिनसलं.

राजाला चार बायका होत्या. आता राजाला चार बायका असणं हे सरांना नवीन नव्हतं, पण या राजाच्या धर्मात एका वेळी एकच चालत होती. पहिली आल्डोना, लिथुआनियाची, गाण्याबजावण्याची हौशी, ती वारली. दुसरी आडेलाइड, जर्मनीतल्या हेसची. ती राजाला आवडली नाही. का, ते कोणी लिहिलेलं नव्हतं. त्याने तिला एका किल्ल्यात नेऊन ठेवलं, दासदासी दिल्या, खाण्यापिण्याची चोख व्यवस्था लावली आणि तिकडे जाणं सोडलं. पंधरा वर्षं! शेवटी ती बिचारी माहेरी निघून गेली. ती जिवंत असतानाच राजाने प्रागच्या एका विधवेशी लग्न लावलं, आणि जुन्या बखरकारांवर विश्वास ठेवायचा तर त्यासाठी एका मठाधिपतीला बिशपचे कपडे घालून उभं केलं. राजाला पुढे कळलं की त्या बाईला टक्कल आहे आणि डोक्यात खरूजही, म्हणून तेही लग्न फिसकटलं. मग चौथी, आणि तिच्यासाठी पोपच्या परवानगीचा खोटा कागद!

सरांनी पुस्तक मिटलं. ज्याने देशाला कायदा लिहून दिला त्याने खोटा कागद केला? नऊ गुणांचे तीन झाले. विद्यापीठ आठवून पुन्हा सात. आडेलाइड आठवून चार. पस्तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. सरांच्या डोक्याला भुंगा लागला.

त्यात खरी भानगड पुढेच होती. या राजाला औरस मुलगाच नव्हता. सगळ्या मुली! गादी शेवटी भाच्याकडे गेली. मग स्तानिस्लाव आजोबा आले कुठून? सरांनी वंशवृक्ष काढला, मुलींच्या बाजूने खाली उतरून पाहिलं, कुठेच गाठ बसेना. एस्तेर नावाच्या एका ज्यू स्त्रीपासून राजाला दोन मुलगे झाले असं बखरीत होतं. हल्लीचे अभ्यासक ही दंतकथा मानतात असंही त्याखाली बारीक टायपात होतं. पण सरांना दुसरी वाट दिसत नव्हती. म्हणजे हे घराणं राजाचं खरं, पण लग्नाच्या बायकोकडचं नव्हे. सरांच्या पायाखालची जमीन सरकली. आपण औरस-अनौरस मानत नाही, हे त्यांनी स्वतःला दहा वेळा सांगून पाहिलं. दहाही वेळा ते पटलं नाही.

"अगं, त्याने बायकोला पंधरा वर्षं किल्ल्यात टाकलं होतं," घरी येऊन ते म्हणाले.

शोभनाकाकू ओट्याशी मटार सोलत होत्या. "हं."

"खायला-प्यायला सगळं. पण नवरा फिरकायचाच नाही."

"हं."

"आणि जग त्याला महान म्हणतं!"

"रात्री पोळ्या करू की भातच पुरे?" काकूंनी विचारलं.

बायकांना इतिहासात गोडी नसते, असा सरांचा जुना समज होता. तो त्या दिवशी आणखी घट्ट झाला. देवयानीपाशी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तिला वाटत होतं, बाबांना मारेकच्या लोकांचा इतिहास वाचावासा वाटतो, म्हणजे गाडी रुळावर आहे. ती ऑफिसातून येताना त्यांच्यासाठी आणखी दोन पुस्तकं घेऊन आली आणि सर आणखी खोल गेले.

सोळा तारखेला, रविवारी दुपारी, बैठक ठरली. देवयानीच्या अपार्टमेंटमध्ये आजोबा टाय लावून आले, येताना खसखशीचा भलामोठा केक घेऊन. शोभनाकाकूंनी चिवडा आणि बेसनाचे लाडू केले होते. सर कुर्ता घालून सोफ्याच्या मधोमध बसले. हातात वही. मारेक आणि देवयानी शेजारी शेजारी खुर्च्यांवर, निकालाला आलेल्या मुलांसारखे.

"आजोबा," सरांनी घसा साफ केला, "मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण मुलीचा बाप म्हणून विचारणं भाग आहे. आपण काझिमिर राजाच्या नेमक्या कोणत्या शाखेचे?"

मारेकने भाषांतर केलं. आजोबांनी त्याला ते पुन्हा करायला लावलं.

"शाखा?" आजोबा म्हणाले.

"म्हणजे वंश. राजाला औरस मुलगा नव्हता. तेव्हा एस्तेरकडून का? तसं असेल तर तसं सांगा. मी मागासलेल्या विचारांचा नाही. पण मला कळायला हवं."

"बाबा, वॉट आर यू सेइंग?" देवयानी अर्धी उठली.

कान लाल झालेल्या मारेकने हे सगळं पोलिशमध्ये सांगितलं. आजोबा आधी सरांकडे बघत राहिले, मग छताकडे, आणि मग असे हसू लागले की लाडवांची बशी हलू लागली. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले, काही बोलायला गेले, पुन्हा हसले.

"मी गवंडी आहे!" ते शेवटी म्हणाले. "बाप गवंडी. त्याचा बाप दुसऱ्याची डुकरं राखायचा. राजा? आमच्या सात पिढ्यांत कोणी राजाचा घोडासुद्धा धुतला नाही!"

"मग हार? मग दिवा?"

"चाळीस वर्षं मी शिकागोत विटा रचल्या. त्या माणसाने लाकडाचा देश घेतला आणि विटांचा करून ठेवला. गवंड्याने त्याला मानायचं नाही तर कोणाला मानायचं?"

देवयानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मारेक आता हसावं की नाही या विचारात होता. बारा दिवसांचा वंशवृक्ष वहीत जागच्या जागी वाळून गेला. खरं म्हणजे इथे सरांनी हसून हात पुढे करायला हवा होता, लाडू वाटायला हवे होते. मुलगा चांगला होता, आजोबा मोकळे होते, अडचण म्हणून काही उरली नव्हती. पण मनात बारा दिवस साठवलेलं सगळं असं एका गवंड्याच्या हसण्यावर वाया घालवायचं? सरांना ते जमेना. गुंता सुटण्याऐवजी त्यांच्या डोक्यात आणखी घट्ट बसला.

"ठीक आहे. तुमचा पूर्वज नाही," ते तणतणले. "मग तर आणखीच प्रश्न आहे! रक्ताचा असता तर समजू शकलो असतो. पण तुम्ही आपण होऊन अशा माणसाला हार घालता? त्याने आडेलाइडचं काय केलं माहीत आहे?"

मारेकने सांगितल्यावर आजोबांचं हसू ओसरलं. "माहीत आहे. शाळेत सांगत नाहीत, पण माहीत आहे."

"पंधरा वर्षं!"

"पंधरा," आजोबांनी मान हलवली. "वाईट केलं. पण बघा, जो माणूस बांधत असतो तो घरी नसतो. आज इथे किल्ला, उद्या तिथे तट. मीही नसायचो. पोटासाठी, कामासाठी. ती भिंत अजून उभी आहे ना? लोक तिच्या आत झोपतात ना?"

"हे उत्तर नाही!" सरांचा आवाज चढला. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तोच आवाज. "किल्ले बांधले म्हणून घरातल्या माणसावरचा अन्याय माफ होतो का? दोन वेळचं जेवण आणि अंगावर कपडा पाठवला की नवऱ्याचं काम संपलं? ती बाई दिवसभर काय करत असेल, कोणाशी बोलत असेल, एकदा तरी या तुमच्या महान राजाने जाऊन विचारलं का? पंधरा वर्षं म्हणजे थोडीथोडकी झाली?"

"अकरा," शोभनाकाकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"पंधराच आहेत," सर म्हणाले. "मी दोन पुस्तकांत बघितलं."

"तिची पंधरा. माझी अकरा."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. त्या एकेक कप उचलून समोर ठेवू लागल्या आणि बोलू लागल्या, जशा भाजीवालीशी बोलतात तशा.

"मला कोणी कोंडलं नव्हतं हो. अकोल्याचं दार दिवसभर उघडंच असायचं. पण जायचं कुठे? सासूबाईंचा दमा, मामंजींचं पथ्य. तुम्ही दिवाळीला चार दिवस यायचे आणि मे महिन्यात, त्यातही दहा दिवस बोर्डाचे पेपर तपासण्यात जायचे. दोन साड्या आणायचे, चांगल्या आणायचे. मी म्हणायचे, मलाही मेळघाटात न्या. तुम्ही म्हणायचे, तिथे राहायला जागा नाही."

"नव्हतीच," सर म्हणाले.

"चौथ्या वर्षी क्वार्टर्स झाल्या. उल्हास सरांनी महिनाभरात बायकोला नेलं. तुमच्या वाट्याच्या क्वार्टरमध्ये तुम्ही शाळेची लायब्ररी केली. पेपरात फोटो आला होता तुमचा. मीच कापून ठेवलाय."

मारेकने देवयानीकडे वाकून काय झालं ते हळूच विचारलं, आईवडिलांच्या भांडणात मूल विचारतं तसं. देवयानीने नुसती मान हलवली. तिच्या चेहऱ्याकडे बघून सरांना कळलं, की तिला हे माहीत होतं. नेमकं हे नाही, पण असं काहीतरी. आपल्यालाच माहीत नव्हतं.

स्तानिस्लाव आजोबांना शब्द कळले नव्हते, पण गोष्ट कळली असावी. ते हातातल्या कपाकडे बघत राहिले. मग पोलिशमध्ये काही पुटपुटले. मारेकने ते भाषांतर करावं की नाही असं करत केलं: "आजोबा म्हणतात, माझ्या बायकोने, हालिनाने, मला हे कधी सांगितलं नाही. सांगायच्या आधीच गेली."

सरांनी वही उघडली. का उघडली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पानावर नऊ, तीन, सात, चार असे खोडलेले आकडे होते. शाळा खरी होती. त्या शाळेतली दोन मुलं आज डॉक्टर होती, एक तहसीलदार. तेही खरं. मग हे जे आता ऐकलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं? आणि कोणाच्या नावाखाली? एवढा वेळ आपण त्या राजाची कानउघाडणी करत होतो की आणखी कोणाची?

"बाबा," देवयानी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही आज सांगणार होता."

सरांनी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, पण तो अधिकार आपल्याकडे आहे का, याचीच त्यांना शंका आली. दहा मिनिटांपूर्वी ते त्या सोफ्यावर न्यायाधीश म्हणून बसले होते. आता आपण कोण म्हणून बसलोय, ते सांगता येत नव्हतं. त्यांनी नुसतंच शोभनाकाकूंकडे पाहिलं.

"माझा होकार आहे," काकू म्हणाल्या, आणि मग आजोबांना कळावं म्हणून मोडक्या इंग्रजीत, "आय से येस. मुलगा चांगला आहे. आम्ही दोघं एप्रिलमध्ये येऊ." मग मारेककडे वळून त्यांनी मराठीतच सांगितलं, "हिला कुठे ठेवून जाऊ नकोस रे बाबा. भांडण कर, पण बरोबर राहून कर."

देवयानी उठून आईच्या गळ्यात पडली. मारेकला शब्द कळले नव्हते तरी त्याने 'हो काकू, हो काकू' असं दोनदा म्हटलं. आजोबांनी केक कापला. सरांनाही एक तुकडा मिळाला. तो त्यांनी खाल्ला आणि चांगला आहे असंही म्हटलं.

पाहुण्यांना सोडायला देवयानी खाली गेली, ती त्यांच्याबरोबर पार्किंगमध्येच रेंगाळली. सर आणि काकू अपार्टमेंटच्या मागच्या तळ्याभोवती फिरायला निघाले. साडेतीन वाजले होते. गवतावर करड्या रंगाची मोठाली बदकं चरत होती आणि माणसाला वाट द्यायला तयार नव्हती. काकू कोटाच्या खिशात हात घालून पुढे, सर दोन पावलं मागे. एरवी हे उलट असायचं.

पाऊण फेरी झाल्यावर सर म्हणाले, "शोभना."

"काय?"

"तू दिवसभर काय करायचीस गं? तेव्हा."

काकू थांबल्या. नवऱ्याकडे त्यांनी जरा नवलाने पाहिलं. "सकाळी नळ यायचा साडेचारला. मग सगळ्यांचं सगळं. दुपारी सासूबाई झोपल्या की तुमची इतिहासाची पुस्तकं वाचायचे. सगळी वाचली. बीएडचा फॉर्म दोनदा भरला आणि दोनदा फाडला. आणि पहिल्या वर्षी नुसती वाट बघायचे."

"माझी?"

"मग कोणाची? तुम्ही कधी येताय त्याची."

"आणि नंतर?"

"नंतर, तुम्ही आलात की, कधी जाताय त्याची."

ती थट्टा करतेय असं सरांना वाटलं. मग तसं वाटेनासं झालं. त्यांनी तिच्या चेहऱ्यात शोधलं, पण अडतीस वर्षांच्या संसारानंतरही तो चेहरा त्यांना वाचता येत नव्हता. आजवर कधी वाचायचा प्रयत्न केला होता का, हेही त्यांना आठवेना.

"मग एप्रिलमध्ये मी यावं का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आपण विचारू असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

"या ना," काकू म्हणाल्या, आणि चालू लागल्या. "देवयानीला हवे आहात तुम्ही."

'आणि तुला?' हा पुढचा प्रश्न सरांच्या ओठांपर्यंत आला. त्याचं उत्तर काय येईल हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो विचारला नाही, आणि बदकांना वळसा घालून ते तिच्या मागोमाग चालत राहिले.